सत्ताविसाव्या वर्षी खेळाडूची कोच व्हायचंय: आधी लायसन्स, आधी नोकरी, की आधी मुलींना शिकवणं?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. वय सत्तावीस, फुटबॉलमध्ये स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावाला, खेळतेस, महाराष्ट्राकडून दोन सीनियर नॅशनल झाल्यात. उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन सात महिने झालेत. आता कोच व्हायचंय. मैत्रिणी म्हणतात आधी कोचिंगचं लायसन्स काढ, घरचे म्हणतात बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून शाळेत लाग, आणि तुझ्या मनात अजून एक हंगाम खेळायचं आहे. शेवटी तू विचारलंस, 'मॅडम, बाईमाणसाला फुटबॉल कोचिंगवर पोट भरता येतं का?'

वयानं मी तुझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणतेय, राग मानू नकोस. मी कोल्हापूर भागात वाढले, मिडफिल्डला खेळले, २०११ मध्ये खेळणं थांबवलं आणि तेव्हापासून मुलींना शिकवतेय. मधली चार वर्षं मुलग्यांनाही शिकवलं.

लायसन्स की बी.पी.एड., असं तू विचारलंयस. मला वाटतं तुझी अडचण त्याच्या आधीची आहे. बारा-तेरा वर्षं खेळल्यामुळे निम्मं कोचिंग आपल्याला येतंच, राहिलेलं एक सर्टिफिकेट मिळवलं की झालं, असं तू धरून चालली आहेस. मीही तसंच धरलं होतं. कोचिंग हा वेगळा धंदा आहे, त्यात आपण पुन्हा पहिलीत बसतो, हे कळायला माझी दोन वर्षं गेली. तुझी तेवढी जाऊ नयेत म्हणून इतकं लांबण लावतेय.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. गुडघा किती सावरलाय, घरी तुझ्या पगाराची किती निकड आहे, तू शहरात आहेस की तालुक्याच्या गावात, चालत जाता येईल असं ग्राउंड आहे का. त्यामुळे कुठं 'तुझं तू बघ' म्हटलं तर ती टाळाटाळ समजू नकोस.

आधी गुडघा. आता सातच महिने झालेत, तर मॅच खेळायचा विचार आत्ता नको. या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे आता कुठलाही चांगला फिजिओ सांगेल. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सांगणारं कुणी नव्हतं. सूज उतरली, जिने चढता यायला लागले, म्हणजे बरं झालं, असं समजून साडेपाच महिन्यांनी मी कॅम्पला गेले. तिसऱ्या दिवशी डावीकडं वळताना, आसपास कुणीही नसताना, तोच गुडघा पुन्हा गेला. ऊस मोडताना येतो तसा आवाज आला होता. तेव्हा नुसते महिने मोजू नकोस. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झालीय का, एका पायावर उडी मारून नीट उतरता येतंय का, वेगात वळता येतंय का, हे तपासून घे आणि मगच त्या हंगामाचं ठरव. तो निर्णय तुझ्या डॉक्टरांचा आणि तुझा. मी त्यात पडणार नाही.

पण कोचिंग सुरू करायला गुडघा पूर्ण बरा होण्याची वाट बघायची काहीच गरज नाही. उलट हे महिने सोन्यासारखे आहेत. एरवी आपण पटकन 'हे बघ, असं' म्हणून करून दाखवतो आणि मोकळ्या होतो. आत्ता तुला ते करता येणार नाही, म्हणून सांगावं लागेल. आणि सांगायला गेलीस की कळेल, आपल्याला काय काय सांगता येत नाही.

माझं असंच झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतरची सकाळ होती. हायस्कूलचं ग्राउंड, एका कडेला कबड्डीची आखणी, गोलपोस्टला जाळी नाही. बावीस मुली आणि सात बॉल, त्यातले दोन नरम. मी पाच-पाचचा खेळ लावला होता. सातवीतली एक मुलगी मध्यभागी खेळत होती. बॉल आला की मान खाली, समोर दिसेल त्या दिशेला लाथ. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर मी ओरडले, 'अगं बघून दे की!' तिनं बॉल पायाखाली थांबवला, माझ्याकडं वळली आणि अगदी मनापासून विचारलं, 'ताई, कुठं बघू?'

माझ्याकडं उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी मिडफिल्डला खेळले होते, बघून पास देणं हेच माझं काम होतं. पण मी कुठं बघते, कधी बघते, किती वेळा बघते, हे मला माहीतच नव्हतं. 'सगळीकडं बघायचं,' असं काहीतरी मी बोलले. ती 'हो ताई' म्हणाली आणि पुन्हा मान खाली घालून खेळायला लागली. तिचं काही चुकत नव्हतं.

त्या रविवारी जुन्या मैत्रिणींबरोबर हळू खेळताना मी फक्त स्वतःच्या मानेकडं लक्ष दिलं. बॉल माझ्याकडं निघायच्या आधी मी एकदा उजव्या खांद्यावरून मागं बघत होते, बॉल वाटेत असताना एकदा डावीकडून, आणि मग बॉलवर. बॉल पायात आल्यावर बघणं जवळजवळ नव्हतंच, तोवर ठरलेलं असायचं. म्हणजे त्या मुलीला मी चुकीच्या क्षणी ओरडत होते. तिनं बघायची वेळ बॉल यायच्या आधीच निघून गेलेली असायची.

मग एक साधा खेळ केला, तो आजही करते. तीन मुली एका ओळीत, दोघींमध्ये दहा-बारा पावलं. एका टोकाची मधलीला पास देते. बॉल वाटेत असतानाच मागच्या टोकाची मुलगी हाताची बोटं वर करते. मधलीनं मान वळवून आकडा ओरडायचा आणि मग बॉल घ्यायचा. पहिल्या दिवशी आकडा बरोबर आला तर टच चुकायचा, टच जमला तर आकडा चुकायचा. आठ-दहा दिवसांनी दोन्ही जमायला लागलं. मग बोटं काढून टाकली आणि मागच्या मुलीला खरी विरोधी केली. ती अंगावर आली तर एका टचमध्ये बॉल परत, ती लांब राहिली तर वळून पुढं. 'बघून दे' हे दोन शब्द मी त्यानंतर ग्राउंडवर उच्चारलेले नाहीत.

तू स्टॉपर आहेस. समोरच्या स्ट्रायकरकडं बॉल येताना तू कधी पुढं घुसून काढतेस आणि कधी मागं थांबून तिला वळू देतेस? बॉलचा वेग, तिची पाठ, तुझ्यामागं कोण आहे, पास हवेत आहे की जमिनीवर, यातलं काय बघून तू ठरवतेस? आज रात्री बसून एका पानावर लिही. पान भरायला त्रास झाला तर समज, तुझं पहिलं काम हेच आहे.

याच कारणासाठी मोठी खेळाडू मोठी कोच होतेच असं नाही, आणि उलटही खरं नाही. इंग्लंडच्या एमा हेजचं खेळणं सतराव्या वर्षी घोट्याच्या दुखापतीनं संपलं. तिनं लंडनच्या चेल्सी क्लबच्या महिला संघाला बारा वर्षं घडवलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. सरीना विगमन नेदरलँड्सची कर्णधार होती, खेळता खेळता शाळेत पी.टी. शिकवत होती. पुढं तिनं २०१७ मध्ये नेदरलँड्सला आणि २०२२, २०२५ मध्ये इंग्लंडला युरो, म्हणजे युरोपची स्पर्धा, जिंकून दिली. दोघींच्या वाटा अगदी निराळ्या. तुझ्या घरच्यांना विगमनचं जरूर सांग, पी.टी.ची शिक्षिका कुठपर्यंत जाऊ शकते ते कळेल त्यांना.

आपल्याकडची उदाहरणंही जवळची आहेत. गोव्याची मेमोल रॉकी खेळाडू होती, मग खालच्या वयोगटांत शिकवत वर आली आणि २०१७ मध्ये भारताच्या सीनियर महिला संघाची मुख्य कोच झाली. त्या जागेवर बसलेली ती पहिली स्त्री. तिच्या हाताखाली संघ २०१८ मध्ये पहिल्यांदा ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत गेला आणि २०१९ मध्ये दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकला. मणिपूरच्या बेमबेम देवीनं २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय खेळ सोडला आणि लगेचच्या पहिल्या इंडियन वुमेन्स लीगमध्ये ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनची खेळाडू आणि मॅनेजर अशी दोन्ही कामं करून संघाला विजेतेपद मिळवून दिलं. खेळणं आणि शिकवणं यांच्यामध्ये भिंत असायलाच हवी असं नाही, हे तिच्याकडं बघून कळतं. आणि आमच्या जिल्ह्यातली अंजू तुरंबेकर. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळची मुलगी. एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, ए लायसन्स मिळवून ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघात ग्रासरूट्सची, म्हणजे लहान मुलांच्या फुटबॉलची, प्रमुख झाली. बेकनाळ नकाशात शोधायला लागतं. ती तिथून जाऊ शकली, हे मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगते.

आता लायसन्स. ते काढायचंच, त्यावर वाद नाही. शिडी डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशी आहे. डी चा कोर्स आठवड्याभरात होतो, अठरा वर्षं पूर्ण असली की बसता येतं. आपल्या राज्यात विफाकडं, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडं, चौकशी कर, अधूनमधून फक्त महिलांसाठीही कोर्स भरतात. पुढच्या पायऱ्या लांब आहेत, महागही होत जातात, आणि मध्ये प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव मागतात. म्हणून घाईनं एकामागून एक लायसन्स गोळा करायचा बेत नको.

माझा सल्ला आहे की डी ला बसायच्या आधी किमान तीन महिने कुठल्यातरी मुलांसमोर उभी राहा. रिकाम्या हातानं कोर्सला गेलीस तर तिथलं सगळं वहीत राहील. मुलींची नावं डोक्यात घेऊन गेलीस तर इन्स्ट्रक्टर काही सांगत असताना आपोआप वाटेल, 'अरे, हे आपल्या अमकीसाठी आहे.' कोर्समध्ये विषय देतात, त्यावर सेशन आखायचं आणि घेऊन दाखवायचं. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. हिंदीत बोलून पास झालेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत.

सी च्या प्रात्यक्षिकात मी पहिल्यांदा नापास झाले. कारण सांगते, तुला उपयोगी पडेल. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये मी अकरा वेळा खेळ थांबवला. प्रत्येक वेळी माझं म्हणणं बरोबर होतं, पण खेळाडूंना खेळायलाच मिळालं नाही. इन्स्ट्रक्टरनी शांतपणे आकडा सांगितला, मला तो खरा वाटेना. तेव्हापासून एका सेशनला एकच मुद्दा धरायचा आणि थांबवायचं ते फक्त त्याच मुद्द्यासाठी, हा नियम पाळते. बाकीच्या चुका दिसतात, जीभ वळवळते, पण त्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर लिहून ठेवते. खेळाडूला कोच होताना हेच सगळ्यात जड जातं, कारण चूक दिसली की आपले पायच धावतात.

पोटाचा प्रश्न. सरळ सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणी फक्त मुलींच्या संध्याकाळच्या बॅचवर घर चालत नाही. माझं पहिली सहा वर्षं चाललं नाही. शाळेची नोकरी, किंवा शहरातली मोठी अकॅडमी, किंवा क्लब आणि दोन-तीन शाळांचं काम मिळून, असं जोडलं तर चालतं. पुण्या-मुंबईत शाळा आणि अकॅडम्या जास्त, त्यामुळे तिथं लवकर जमतं, पण खोलीचं भाडं त्यातलं बरंच खातं. तुला घरी राहून करायचंय की बाहेर पडायचंय, यावर हे बरंचसं ठरेल.

म्हणून बी.पी.एड.बाबत मी तुझ्या घरच्यांच्या बाजूनं आहे. दोन वर्षं जातील, पण शाळेतली जागा, ग्राउंड, सामान आणि मुली एकाच ठिकाणी मिळतात. शाळेच्या संघाला घेऊन तुला सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेला, शालेय स्पर्धांना जाता येतं. कोच म्हणून मॅचचा अनुभव मिळवायचा याहून स्वस्त रस्ता नाही. दोन वर्षं देणं शक्यच नसेल तर पटियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स बघ. मात्र शाळेच्या नोकरीसाठी तो बी.पी.एड.ची जागा घेत नाही.

आणखी एक, आणि हे लवकर कर. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तुझी राजमाता जिजाबाई ट्रॉफीची, म्हणजे सीनियर नॅशनलची, सर्टिफिकेटं जपून ठेव आणि त्यांची पडताळणी करून घे. कुठल्या पदाला कुठली कामगिरी लागते, वयाची अट काय, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात समक्ष जाऊन विचार. माझ्या बरोबरीच्या दोघी याच वाटेनं नोकरीला लागल्या. मी कागद गोळा करेपर्यंत वय निघून गेलं होतं.

शाळेत लागलीस तर एक धोका डोळ्यांसमोर ठेव. पी.टी.च्या शिक्षकाला संचलन, गॅदरिंग, निवडणुकीचं काम, ऑफ तासाला वर्गावर जाणं, सगळं लावतात. चार वर्षांत संध्याकाळचं ग्राउंड कधी सुटलं ते कळतही नाही. माझ्या ओळखीतल्या चांगल्या चांगल्या खेळाडू तिथंच थांबल्या. जॉइन होतानाच मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी दोन तास फुटबॉलचे, हे लेखी घे.

लेखी हा शब्द क्लबच्या बाबतीत तर अजून महत्त्वाचा. इंडियन वुमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली, त्याच्या आधी नॅशनल संपली की आमच्यासारख्यांना वर्षभर काहीच नसायचं. आता क्लब आहेत. आपल्या कोल्हापूर सिटीचा संघही त्या लीगमध्ये खेळून आलाय. हंगामापुरतं सहायक कोचचं, फिटनेसचं, संघाबरोबर राहण्याचं काम निघतं. घे जरूर. पण किती महिने, किती पैसे, कोणत्या तारखेला, प्रवासखर्च कोणाचा, हे कागदावर. एका क्लबनं मला तोंडी ठरवून घेतलं, मी पूर्ण हंगाम काम केलं, आणि निम्मे पैसे आजतागायत आलेले नाहीत. मागायला कागदच नव्हता.

आता ज्यासाठी मला तुझ्यासारख्या मुली या कामात हव्या आहेत, त्याबद्दल बोलते.

दहा-अकरा वर्षांच्या मुली ग्राउंडवर भरपूर येतात. तेरा-चौदाला निम्म्या गायब होतात. माझ्या पहिल्या बॅचमध्येही हेच झालं. सुरुवातीला मी रागावले, मुलींना चिकाटी नाही म्हणाले. मग 'कुठं बघू' विचारणारी तीच मुलगी नववीत गेल्यावर यायची बंद झाली, तेव्हा मी तिच्या घरी गेले. आई चुलीपुढं होती, तिनं चहा टाकला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर येईना. आई आधी म्हणाली, 'अभ्यास वाढलाय हिचा.' मग म्हणाली, 'उन्हात काळी पडते.' दुसरा कप झाल्यावर खरं बोलली. 'ताई, तुमच्या त्या शाळंत संध्याकाळी बाथरूमला कुलूप असतंय. पोरगी दुपारपासनं पाणी पीत न्हाई. आणि तुमचा ड्रेस पांढरा.'

मी स्वतः त्याच कुलपाच्या काळात खेळले होते. मीही पाणी न पिता प्रॅक्टिस करायचे. सवय झाली होती म्हणून दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपाईमामांकडून किल्ली मागून घेतली. बाथरूममध्ये एक बादली आणि कचऱ्याचा डबा ठेवला. किट बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात पॅड ठेवायला लागले आणि सगळ्यांना एकदाच सांगितलं, घ्यायचं, विचारायचं नाही. पांढऱ्या शॉर्ट जाऊन काळ्या आल्या, ज्यांना हवं त्यांना आतून लेगिंग्ज. इंग्लंडच्या महिला संघानंही २०२३ च्या वर्ल्ड कपच्या आधी पांढऱ्या शॉर्ट सोडून निळ्या घेतल्या, त्यांच्याही खेळाडूंची तक्रार हीच होती. प्रॅक्टिस थंडीत अर्धा तास अलीकडं घेतली, म्हणजे लांबच्या वाडीतल्या मुली उजेडात घरी पोचतील. या सगळ्याला फार पैसे लागले नाहीत. ती मुलगी तीन आठवड्यांनी परत आली आणि बारावीपर्यंत खेळली.

एखाद्या पुरुष कोचला हे कळलं नसतं असं मी म्हणणार नाही, चांगले कोच मी बघितलेत. पण त्या आईनं दुसरा कप संपल्यावर जे सांगितलं, ते तिनं सरांना सांगितलं नसतं.

गुडघ्याचंही याच वयात बघावं लागतं. मुलींना एसीएल या गुडघ्यातल्या लिगामेंटची दुखापत मुलग्यांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त होते, आणि बऱ्याचदा कुणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा वळताना. त्यासाठी फिफाचा '११ प्लस' नावाचा वॉर्मअप आहे. वीस मिनिटं, तीन भाग. हळू पळणं, मग ताकद, तोल आणि उड्या, मग वेगात पळून दिशा बदलणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर याची चाचणी झाली, ती २००८ मध्ये छापून आली. हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी होत्या. सामान काहीच लागत नाही. मुली कंटाळतात, हे खरं. मी त्यांना माझा गुडघा दाखवते, दोन ऑपरेशनचे वण आहेत. मग करतात. उतरताना गुडघे आत झुकतात का, एवढं एक नीट बघायला शिक. समोर उभी राहून बघ, बाजूनं दिसत नाही.

मुलग्यांना शिकवायची संधी आली तर सोडू नकोस. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच असली की सगळं गाव लोटतं. त्या वातावरणात सोळा वर्षांच्या मुलग्यांसमोर शिट्टी घेऊन उभं राहताना पहिला आठवडा मला झोप लागली नव्हती. एकानं तोंडावर विचारलं, 'मॅडम, तुम्ही कुठं खेळलाय?' मी सांगितलं नाही. पाच-पाचचा खेळ लावला आणि त्यालाच विचारलं, तुझा उजवा बॅक पुढं गेल्यावर त्याच्या मागची जागा कोण भरतंय? त्याला सांगता येईना, पुढच्या दोन मिनिटांत त्याच जागेतून गोल बसला. नंतर तो प्रश्न कुणी विचारला नाही. मुलगे विरोध करतात आणि मुली ऐकून घेतात, असं मी आधी समजायचे. त्या चार वर्षांत कळलं की दोघांनाही एकच हवं असतं, उपयोगाचं काहीतरी.

तर तुझा क्रम मला असा दिसतो. शिकवणं आत्ता, गुडघा बरा होत असतानाच. डी लायसन्स तीन-चार महिन्यांनी. बी.पी.एड.चे फॉर्म या वर्षीच, घरची निकड मोठी असेल तर सगळ्यात आधी. नॅशनलच्या सर्टिफिकेटांची पडताळणी या महिन्यात. सी लायसन्स वर्षभर शिकवून झाल्यावर. आणि खेळायचा तो एक हंगाम डॉक्टर हो म्हणाले तर खेळ, पण त्या वर्षी मुलींचे रविवार बंद करू नकोस.

पहिल्या रविवारसाठी फार काही लागत नाही. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेट, तुझी नॅशनलची सर्टिफिकेटं बरोबर ने, सकाळी दीड तास ग्राउंड माग. बारा वर्षांखालच्या असतील तर चार नंबरचे बॉल, पाच नंबरचा त्यांच्या पायाला जड होतो. कोन नसतील तर विटा नकोत, कुणीतरी पडतं. जुन्या चपला किंवा पाण्याच्या बाटल्या चालतात. ११ प्लसमधलं जमेल तेवढं, मग एक खेळ, मग मॅच, आणि मॅच अर्ध्या वेळाहून जास्त. रांगेत उभं करून एकेकीला बॉल देऊ नकोस, त्यात मुली नुसत्या वाट बघत राहतात. घरी गेल्यावर शंभर पानी वहीत तीन ओळी लिही. किती आल्या, मी काय सांगितलं, आणि मला काय सांगता आलं नाही. तिसरी ओळ सोडू नकोस. आणि ग्राउंडवर पोचलीस की कुणी यायच्या आधी बाथरूमचं कुलूप काढून घे.